खोक्यावरचा आकडा आणि आपली गाडी

माझ्याकडे १९७२ची शेवरले नोव्हा आहे. ओहायोत राहायला आल्यावर चौथ्या वर्षी घेतली. इंजिन ३५० घनइंचांचं व्ही-एट, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टर्बो ३५०, मागचा ॲक्सल ३.०८चा (शाफ्टच्या ३.०८ फेऱ्यांना चाकाची एक). मिरवायची गाडी नव्हे, रोजच्या कामाची. पहिल्याच उन्हाळ्यात गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला आणि ‘आता उघडलंच आहे तर’ हा महागडा विचार डोक्यात आला. मी दहा इंची टॉर्क कन्व्हर्टर मागवला, म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसून क्लचचं काम करणारा तेलाचा बंद डबा. खोक्यावर लिहिलं होतं, स्टॉल ३००० (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या; नेमका अर्थ पुढे येईल). मला वाटलं, आकडा जितका मोठा तितका पिकअप जास्त.

गाडी जोडून झाली. सिग्नल सुटला की आधी इंजिन ओरडायचं, मग गाडी जरा विचार करून निघायची. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, ताशी ६० मैलांवर चढ लागला की फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरची सुई २७००कडे सरकायची आणि उतरून गिअरबॉक्सचं तेल बघायची डिपस्टिक ओढली की जळका वास. सगळ्यात गंमत म्हणजे स्टॉल मोजला तर तो ३००० नव्हताच, २४००च्या आसपास होता. म्हणजे पैसे दिले तो आकडा मिळाला नाही आणि त्याचा त्रास मात्र पुरेपूर मिळाला. असं का झालं हे समजून घ्यायला मला कन्व्हर्टरच्या पोटात शिरावं लागलं.

पोटात काय असतं

मॅन्युअल गाडी चालवलेल्या माणसाला हाफ क्लच समजावून सांगावा लागत नाही. इंजिन फिरतंय, चाकं थांबलीत, मधली क्लचप्लेट घासत घासत दोघांची ओळख करून देते. ऑटोमॅटिकमध्ये हे ओळख करून देण्याचं काम तेल करतं. न घासता आणि न थकता, पण फुकट नाही. त्याची किंमत पुढे येईल.

कन्व्हर्टर बाहेरून दिसतो एखाद्या फुगीर पितळी हंड्यासारखा, फक्त पोलादी आणि सगळ्या बाजूंनी वेल्ड करून बंद केलेला. आत पात्यांची तीन चक्रं. पहिलं हंड्यालाच जोडलेलं, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं. याला पंप म्हणतात. ते तेल बाहेरच्या कडेला फेकतं. समोर दुसरं चक्र, टर्बाइन. ते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेलं. फेकलेलं तेल त्याच्या पात्यांवर आदळतं आणि ते फिरू लागतं. संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवीन नाही: धार पात्यावर बसते, चाक फिरतं आणि त्याच्याबरोबर वरचं दगडी जातंही.

आता खरी मेख. टर्बाइनवर आपटून तेल मधल्या भागातून परत पंपाकडे येतं, तेव्हा त्याची दिशा उलटी झालेली असते. तसंच पंपावर येऊ दिलं तर ते पंपालाच ब्रेक लावेल. म्हणून मध्ये तिसरं, छोटं चक्र बसवतात: स्टेटर. ते तेलाला वळवून पंपाच्या पाठीत घालतं. हे वळवताना स्टेटरला मागे ढकललं जातं, पण तो मागे जाऊ शकत नाही, कारण त्याच्या मध्यात एकाच दिशेने फिरू देणारा क्लच असतो आणि त्या क्लचचा आधार गिअरबॉक्सच्या कवचाला. थोडक्यात, स्टेटर म्हणजे टेकू. भिंतीला पाय लावून कपाट ढकलणारा माणूस आणि गुळगुळीत फरशीवर मोजे घालून ढकलणारा माणूस, दोघांत फरक स्नायूंचा नसतो, टेकूचा असतो.

हिशेबही सरळ आहे. टर्बाइनला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हा इंजिनाचा टॉर्क अधिक टेकूने दिलेला टॉर्क. इंजिनाने २०० पाउंड-फूट (टॉर्कचं माप) दिले आणि कवचाने स्टेटरमार्फत आणखी २०० दिले, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ४०० पोचतात. गाडी उभी असताना हा गुणाकार सर्वसाधारणपणे दोन ते अडीच पट असतो. गाडी वेग घेते तसा तो उतरतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या ८५-९० टक्क्यांवर आला की तेल स्टेटरच्या पात्यांना मागून धडकायला लागतं, तो एकदिशी क्लच सुटतो आणि स्टेटर प्रवाहाबरोबर मोकळा फिरू लागतो. टेकू गेला, गुणाकार संपला. तिथून पुढे कन्व्हर्टर फक्त टॉर्क पुढे पोचवतो, किंचित घसरत.

ही कल्पना मोटारींची नव्हे, जहाजांची. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर स्टेटिनच्या वल्कन गोदीत काम करत असताना त्याच्यापुढे अडचण होती की वाफेचं टर्बाइन सुसाट फिरतं आणि जहाजाच्या पंख्याला सावकाश फिरायचं असतं. १९०५ साली त्याने यावर पेटंट घेतलं. मोटारीत आधी आलं ते याचं अर्धं रूप. १९४०च्या ओल्ड्समोबीलमधला हायड्रामॅटिक गिअरबॉक्स तेलाचाच, पण त्यात स्टेटर नव्हता, म्हणून गुणाकारही नव्हता. ती कसर चार गिअर भरून काढत. १९४८मध्ये ब्यूइकने डायनाफ्लो आणला आणि दुसऱ्या टोकाला गेली. ड्राइव्हमध्ये टाकल्यावर तो गिअर बदलायचाच नाही, सगळी ओढ कन्व्हर्टरच्या गुणाकारावर. चालवायला लोण्यासारखा आणि निघायला आळशी; लोकांनी त्याला ‘डायनास्लश’ असं नाव ठेवलं (स्लश म्हणजे अर्धवट वितळलेला, चिखलट बर्फ). १९५०ला शेवरलेचा दोन गिअरचा पॉवरग्लाइड आला आणि टॉर्क कन्व्हर्टर स्वस्त गाड्यांत पोचला.

हा इतिहास केवळ हौसेपोटी सांगितला नाही. गिअर कमी असले की कन्व्हर्टरवर भार जास्त, गिअर भरपूर असले की कमी, हे त्यात दिसतं, आणि निवडताना तेच उपयोगी पडतं.

स्टॉल म्हणजे नेमकं काय

चाकं पूर्ण अडवून धरली, गिअर ड्राइव्हमध्ये ठेवला आणि ॲक्सिलरेटर तळाला दाबला, तर इंजिन ठरावीक फेऱ्यांपर्यंत चढतं आणि तिथे अडकतं. त्याच्यावर जायची ताकद त्याच्यात नसते, कारण तेल त्याला धरून ठेवतं. तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. या व्याख्येत ‘ताकद’ हा शब्द आलाय तो नीट बघा. अडवणारा कन्व्हर्टर आहे, पण ढकलणारं इंजिन आहे. ढकलणारा बदलला की आकडा बदलतो. मग खोक्यावरचा आकडा कोणाच्या इंजिनावर मोजलेला?

तेलाची पकड फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट, तर पकड चौपट. याचा उलटा अर्थ असा की स्टॉल स्पीड टॉर्कच्या वर्गमूळाप्रमाणे हलतो. ४०० पाउंड-फूट देणाऱ्या इंजिनामागे ३००० स्टॉल होणारा कन्व्हर्टर माझ्या थकलेल्या, २६०च्या आसपास देणाऱ्या इंजिनामागे लावला, तर ३००० गुणिले ०.८१, म्हणजे २४००. खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच्या गाडीचा होता.

व्यासाचा परिणाम याहून धारदार. पात्यांची ठेवण तीच ठेवून कन्व्हर्टर लहान केला, तर पकड व्यासाच्या पाचव्या घाताने घटते. बारा इंचावरून दहा इंचावर आलात की पकड चाळीस टक्क्यांवर येते आणि त्याच इंजिनाचा स्टॉल दीडपटीहून जरा जास्त होतो. म्हणून कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीत बारा इंचाच्या आसपासचा, १६००-१८०० स्टॉलचा हंडा असतो आणि शर्यतीच्या गाडीत आठ-नऊ इंचाचं तपेलं. मधल्या तरतमासाठी पात्यांचा कोन वाकवतात आणि स्टेटर बदलतात. चांगला कन्व्हर्टर बनवणारा आणि नुसता रंग मारून विकणारा यांच्यातला फरक तिथेच असतो. दोघांच्या खोक्यावर २५०० लिहिलेलं असेल. एकाचा हायवेवर तीन-चार टक्के घसरेल, दुसऱ्याचा दहा.

आता एक गैरसमज. जुन्या गाड्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं की हायवेवरच्या फेऱ्या स्टॉलपेक्षा कमी असतील तर कन्व्हर्टर कधी धरतच नाही. हे असं नाही. सपाट रस्त्यावर ६० मैलांनी जाताना इंजिन जेमतेम ८० पाउंड-फूट देत असतं. तेवढ्या टॉर्कवर माझ्या त्याच दहा इंची कन्व्हर्टरचा स्टॉल १३५०च्या खाली येतो. म्हणून सपाटीवर तो बऱ्यापैकी धरत होता. चढ लागला, पाय खाली गेला, टॉर्क २००वर गेला की स्टॉल २१००च्या वर. इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांचा वेग यांची फारकत सुरू. गाडी हाफ क्लचवर चढ चढतेय असं समजा, मैलोन् मैल.

घसरण्याची किंमत

घसरणं म्हणजे उष्णता. स्टॉलवर उभ्या गाडीत तर इंजिनाची सगळी शक्ती तेलात उतरते, कारण चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. ३०० पाउंड-फूट आणि २५०० फेऱ्या म्हणजे सुमारे १०६ किलोवॉट. घरातला गीझर दोन किलोवॉटचा असतो. पन्नासेक गीझर पाच लिटर तेलात एकदम चालू केल्यासारखं झालं. दर सेकंदाला तापमान सहा ते दहा अंशांनी वर. म्हणून ब्रेक दाबून स्टॉल मोजायचा तर चार-पाच सेकंदांत आटपायचं आणि नंतर मिनिटभर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल फिरू द्यायचं. शेजाऱ्याला दाखवायला म्हणून पुन्हा करायचं नाही.

तसंही पायाने ब्रेक दाबून मिळणारा आकडा अर्धवटच. जोरदार इंजिन असेल तर पूर्ण स्टॉल यायच्या आधी मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरू लागतात. त्यापेक्षा रिकाम्या रस्त्यावर, अगदी कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर एकदम तळाला दाबा आणि सुई कुठे उडी मारून थांबते ते पाहा. चालवताना अनुभवाला येतो तो आकडा हाच.

ऑटोमॅटिकच्या तेलाला ८० अंश सेल्सियसच्या आसपास सुखाचं असतं. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना आयुष्य निम्मं, असा गिअरबॉक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. जुन्या गाड्यांत तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते. कारखान्याच्या कन्व्हर्टरला ते पुरतं. स्टॉल वाढवलात तर वेगळा कूलर लावा, त्यावर काटकसर नको. मी केली होती.

मग निवडायचं कसं

कन्व्हर्टर शेवटी निवडायचा. आधी गाडी ठरवायची, मग तिचा कन्व्हर्टर. बहुतेकांचं उलटं होतं, कारण गिअरबॉक्स उघडा असतो आणि बाकीचं ‘पुढच्या वर्षी’.

सगळ्यात मोठा शब्द कॅमशाफ्टचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा. कारखान्याचा मवाळ कॅम हजार-बाराशे फेऱ्यांपासून ओढायला लागतो. त्याला कारखान्याचाच कन्व्हर्टर बरा, फार तर दोन-तीनशेने वर. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅम टाकला की खालच्या फेऱ्यांत इंजिन मरतुकडं होतं आणि वर जाऊन जागं होतं. अशा इंजिनामागे घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा कन्व्हर्टर ठेवला तर दोन गोष्टी दिसतात. ड्राइव्हमध्ये टाकताच इंजिन आचके देतं किंवा बंद पडतं. आणि ते टाळायला आयडल (पाय न देता इंजिन फिरतं त्या फेऱ्या) वाढवला की गाडी सिग्नलला पुढे रेटत राहते, ब्रेकवर उभं राहावं लागतं. इथे स्टॉल वाढवणं ही चैन नव्हे, गरज आहे. ढोबळ मानाने, ०.०५० इंच उचलीवर मोजलेला कालावधी (फिरण्याच्या किती अंशांपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो तो आकडा, कॅमच्या कार्डावर असतो) २१० अंशांच्या आत असेल तर मूळ कन्व्हर्टर. २२०-२३० असेल तर २२०० ते २६००. त्यापुढे गेलात की तीन हजारांची भाषा सुरू होते आणि ती रोजच्या गाडीची भाषा नव्हे. कॅम जिथे ओढायला लागतो त्याच्या थोडं वर स्टॉल असावा, फार वर नको.

नंतर गिअर. गाडी जागेवरून हलताना चाकांना मिळणारा एकूण गुणाकार म्हणजे कन्व्हर्टर गुणिले पहिला गिअर गुणिले ॲक्सल. कन्व्हर्टरचे दोन धरू आणि ॲक्सल माझा ३.०८. पॉवरग्लाइडचा १.८२चा पहिला गिअर असेल तर हिशेब सव्वाअकरापर्यंत जातो. टर्बो ३५०च्या २.५२ला साडेपंधरा. पुढे आलेल्या ७००आर४ गिअरबॉक्सच्या ३.०६ला जवळजवळ एकोणीस. म्हणून पॉवरग्लाइडवाला सैल, म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर मागतो ते समजण्यासारखं आहे आणि ७००आर४वाल्याने तोच मागितला तर त्याला विचारावं, कशासाठी? मला स्वतःला कळलं ते उशिरा: माझी नोव्हा आळशी होती ती ॲक्सलमुळे. ३.०८ काढून ३.५५ टाकला असता तर दर गिअरमध्ये पंधरा टक्के जास्त ओढ मिळाली असती, तेल न तापवता. अर्थात हायवेवर फेऱ्या त्याच प्रमाणात वाढल्या असत्या. २६ इंची टायरवर ताशी ६० मैलांना ३.०८चा हिशेब २४००च्या जरा आत येतो, ३.५५चा २७५०. पेट्रोल कुठून तरी जाणारच.

वजनही मोजा. जड गाडी लवकर हलत नाही, म्हणून तोच कन्व्हर्टर तिच्यात जास्त वर उडी मारतो. हलक्या गाडीत कमी. पाचशे किलोचा फरक नुसत्या गप्पांत विरघळून जातो आणि रस्त्यावर दिसतो.

१९६५ ते १९६७च्या ब्यूइक, ओल्ड्समोबील किंवा कॅडिलॅकमधला टर्बो ४०० गिअरबॉक्स तुमच्याकडे असेल, तर जरा थांबा. त्यांतल्या अनेकांत स्टेटरची पाती कोन बदलणारी आहेत. विजेच्या खटक्यावर एकच कन्व्हर्टर कधी सैल, कधी घट्ट. लोकांनी ते अडगळ समजून भंगारात घातले. आता पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला जुन्या सुट्या भागांचा बाजार भरतो, पुण्याच्या जुन्या बाजाराचा हा अमेरिकी थोरला भाऊच, तिथे तेच शोधत फिरणारी माणसं भेटतात.

आणि नवा घेण्याआधी जुना मेलाय का ते बघा. गाडी जागेवरून अगदी मेल्यासारखी निघत असेल पण हायवेवर ठीक असेल, तर स्टेटरचा एकदिशी क्लच दोन्हीकडे घसरतोय. टेकूच उरलेला नाही. उलट, निघताना झकास पण वेगात गुदमरल्यासारखी आणि तापणारी असेल, तर तो क्लच जाम झालाय, स्टेटर मोकळा फिरत नाही. दोन्हींत लोक इंजिनाचं ट्यूनिंग करत बसतात. आणि गिअरबॉक्स आतून जळून गेला असेल तर जुना कन्व्हर्टर परत लावू नका. धातूचा सगळा चुरा त्या बंद हंड्यात जाऊन बसतो आणि नव्या गिअरबॉक्सच्या पहिल्याच दिवशी बाहेर येतो.

मागवताना कारखानदाराला फोनवर सगळं खरं सांगा: गाडीचं वजन, इंजिन, कॅमचं कार्ड, ॲक्सल, टायरची उंची, गिअरबॉक्सचं नाव, आणि गाडी खरंच कुठे चालणार आहे. हे शेवटचं सांगताना माणूस सर्वात जास्त थापा मारतो. वर्षातून एकदा ड्रॅगस्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्ट्यावर) जाऊ म्हणून वर्षभर सिग्नलला रेस देत निघायचं, याला काही अर्थ नाही. माझ्या मते दोन आकड्यांत घुटमळत असाल तर खालचा घ्या. थोडा घट्ट कन्व्हर्टर रोज चालवता येतो, थोडा सैल दरमहा डिपस्टिक हुंगायला लावतो.

जोडताना

एकीचा भाग दुसरीला बसण्याच्या बाबतीत जुन्या गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत. शेवरलेचीच फ्लेक्सप्लेट (इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी दातेरी चकती) १५३ दात्यांची असते आणि १६८ दात्यांचीही, बोल्टांचं वर्तुळ १०.७५ इंचाचं किंवा ११.५ इंचाचं. शेवरलेच्या ४०० घनइंची ‘स्मॉल-ब्लॉक’ इंजिनाचं संतुलन फ्लेक्सप्लेटवरच्या वजनावर अवलंबून असतं, माझ्या ३५० इंजिनाचं नाही. क्रायस्लरच्या ३६०मध्ये तर ते वजन थेट कन्व्हर्टरला वेल्ड केलेलं असतं; दुसऱ्या इंजिनाचा कन्व्हर्टर तिथे लावलात तर गाडी दातखीळ बसेपर्यंत थरथरते. लॉकअप (हायवेवर पंप आणि टर्बाइन एकत्र बांधून घसरण थांबवणारा क्लच) असलेला कन्व्हर्टर लॉकअप नसलेल्या गिअरबॉक्सला चालत नाही. या गोष्टी खोकं फोडण्याआधी तपासा. तेल लागलेला कन्व्हर्टर कोणी परत घेत नाही.

मी शेवटी बारा इंची, साधासुधा कन्व्हर्टर घेतला. माझ्या इंजिनावर त्याचा स्टॉल १८५०च्या आसपास येतो. सोबत रेडिएटरपुढे कूलर.

बसवताना त्यात लिटरभर तेल ओता आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवत, हळूहळू फिरवत आत ढकला. तीन ठिकाणी तो बसायला हवा: शाफ्टच्या खाचांत, स्टेटरच्या आधाराच्या खाचांत आणि सर्वात शेवटी गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खुरांत. प्रत्येक वेळी हाताला ‘टक्’ असं लागतं. दोन टक् झाले की पुष्कळांना वाटतं झालं, आणि ते बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडाचे) बोल्ट आवळायला घेतात. बोल्ट आवळत जातात, न बसलेला कन्व्हर्टर मागे रेटला जातो आणि पंप फुटतो, गाडी चालू व्हायच्या आधीच. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट दिसली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे. फिरत नसेल तर एकही बोल्ट पुढे आवळू नका. गिअरबॉक्स मागे ओढा आणि तिसरा टक् शोधा.